बांड्या ओढत नाही

आमच्या वस्तीत कुत्र्याची पारख हातानं होते. पिल्लाच्या छातीखाली तळवा धरायचा, बरगड्यांचा घेर चाचपायचा, कंबर दाबून पाहायची, शेवटी पंजाच्या बोटांमधले केस. रंग विचारणारा माणूस म्हणजे एक तर जहाजावरून उतरलेला असणार, नाहीतर माळावरून आलेला.

गलगाना माळावरून आली होती. तिचा बाप रेनडियर पाळणारा, आणि त्या लोकांचं सगळं आयुष्य रंगांवर चालतं. करडा, भुरा, राखी, पोटाला पांढरा, कानाला काळा, उन्हाळ्यातला वेगळा, हिवाळ्यातला वेगळा; प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. आम्ही किनाऱ्यावरचे लोक तेवढे शब्द बर्फावर खर्च करतो. कुत्र्याला 'ओढतो' आणि 'ओढत नाही' एवढे दोन आम्हाला पुरतात.

केर्गीची बायको होऊन ती आली, त्याच हिवाळ्यात त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली. पिल्लं बाईनं वाढवायची, तंबूच्या आतल्या केसाळ कातड्यांच्या खोलीत, दिव्याच्या उबेला, आणि त्यातली कुठली ठेवायची हेही तिनंच ठरवायचं, अशी आमची रीत. पुरुष त्यात बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे बाहेर उभे राहून मोठ्यानं खोकतात.

"हे बघ सूनबाई," सासू इमलिना म्हणाली, "कुत्रा पांघरायचा असेल तर रंग बघ. जुंपायचा असेल तर छाती बघ."

गलगानानं छाती पाहिली नाही. तिनं एक बांडं पिल्लू उचललं: अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं, पाठीवर कुणीतरी ताक सांडावं तसे डाग. तिच्या बापाच्या कळपात असा एक बांडा नर मुद्दाम राखलेला असे; लांबच्या टेकडीवरूनही तो दिसला की कळप तिथंच आहे एवढं कळे. कुत्रे कळपानं चरत नाहीत हे तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असूनही तिला त्याचं महत्त्व वाटलं नाही. शेजारी चिखलाच्या रंगाचं एक ठेंगणं, रुंद छातीचं पिल्लू होतं. ते तिनं बाजूला सारलं.

बाहेरचं खोकणं थांबलं. केर्गीचा थोरला भाऊ पनान्तो आत डोकावला. "रेनडियरवाली, हे टाकलंस ना? मग मी नेतो. एवढी मातकट कुरूपता वाया जायला नको."

दोन हिवाळ्यांत निकाल लागला. पनान्तोचा मातकट त्याच्या जुंपणीत सगळ्यात पुढं धावू लागला. खोल छाती, आखूड कंबर, पाय इतके आखूड की जणू मागाहून अंगाला चिकटवून दिलेत. आणि गलगानाचा बांड्या नुसताच वाढत गेला. पाय लांब, पाठ लांब, बरगड्या चपट्या. आमच्याकडे तेव्हा कुत्रे पंख्यासारखे जुंपत, प्रत्येकाचा दोर वेगळा. त्यामुळे कोण काम करतंय आणि कोण सोबत म्हणून आलंय ते घसरगाडीवर बसल्याबसल्या दिसे. बाकीच्यांचे दोर ताठ असत. बांड्याचा दोर झोळीसारखा लोंबे. शेवटी केर्गीनं तो गाडीला बांधणं सोडून दिलं आणि स्वतःच्या कंबरपट्ट्याला बांधला, अधूनमधून हिसका देता यावा म्हणून.

"कुत्रा तुला ओढतो की तू कुत्र्याला?" पनान्तो विचारी.

"सोबत करतो तो," केर्गी म्हणे. त्याचं बायकोवर प्रेम होतं, आणि असा माणूस कुत्र्यांच्या बाबतीत विश्वासाचा नसतो.

गलगाना या बोलण्यात पडत नसे. ती समुद्राकडे पाठ करून शिवत बसे. तिचे टाके इतके बारीक, की तिनं शिवलेल्या बुटात पाणी शिरत नसे. समुद्र मात्र तिला आवडला नाही. "एवढी मोठी जागा, आणि तिच्यावर काही उगवत नाही," असं ती म्हणे.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी, खाडी नुकतीच गोठली असताना, केर्गी पलीकडच्या टोकावरच्या साठवणीच्या खड्ड्यातून वालरसचं मांस आणायला गेला. कोवळा बर्फ पायाखाली चामड्यासारखा लवतो, पण त्यावरून जाता येतं. दुपार कलताना त्याचे कुत्रे परत आले. गाडी उलटी, मांस नाही, माणूस नाही. बांड्याही नाही.

वस्ती गोळा झाली. वारा सकाळपासून समुद्राकडून होता, तो याच सुमारास पडला आणि मग पाठीमागच्या डोंगरावरून सुटला. त्याचा अर्थ कुणी बोलून दाखवला नाही. जमिनीवरून येणारा वारा खाडीतला बर्फ ढकलून बाहेर नेतो. अंधार पडेपर्यंत तो नेणार होता.

पनान्तोनं कुत्र्यांच्या अंगाखालून हात फिरवला आणि हात तसाच वर धरला. हातमोज्याला बर्फाचे खडे चिकटले होते. त्यानं एक जिभेवर ठेवला.

"खारट," तो म्हणाला.

बायका मागं सरल्या. आमचा समुद्राशी एक करार आहे. तो आम्हाला खायला घालतो. त्यात पडलेला माणूस त्याचा. अशा माणसाला हात द्यायचा नाही. दिला तर समुद्र आपलं माणूस परत मागतो, आणि मागताना तेच माणूस हवं असा आग्रह धरत नाही. बाहेरचे लोक याला क्रूरपणा म्हणतात. त्यांना समुद्र वर्षातून एकदा दिसतो.

वस्तीतला सगळ्यात वृद्ध रेंतेगिन काठी टेकत पुढं आला. पूर्वी त्यानं स्वतःचा मुलगा फुटलेल्या होडीतून पाण्यात जाताना किनाऱ्यावर उभं राहून पाहिला होता. हाक ऐकू येण्याइतका जवळ होता तो. त्यामुळे या विषयावर रेंतेगिनशी वाद घालणं अवघड होतं.

"पाण्यात गेलाय," रेंतेगिन म्हणाला. "चला आत."

गलगाना कुत्र्यांमध्ये गुडघ्यांवर बसली होती. एकेकाची पाठ, मान, कान चाचपत होती.

"आजोबा, पाठ कोरडी आहे."

"मग?"

"पोटाला बर्फ आहे, पाठीला नाही. आमचे हे सगळे बुटके. वीतभर पाण्यात उभे राहिले तरी यांचं पोट भिजतं. हे बुडाले नाहीत. बर्फावर पाणी चढलंय, त्यातून चालत आलेत."

"पाणी समुद्राचंच ना?"

"हो, पण बर्फावरचं!"

"सूनबाई, समुद्र काही वीत घेऊन मोजत नाही."

"मग मोजायला शिकवा त्याला!" ती ओरडली. आमच्याकडे समुद्राबद्दल कुणी असं बोलत नाही. दोघी-तिघींनी तोंडं फिरवली, ऐकलं नाही असं त्याला वाटावं म्हणून.

तेवढ्यात इमलिना बोलली. तिचेच दोन्ही मुलगे. एक बर्फावर, दुसरा समोर. ती रेंतेगिनकडं न बघता म्हणाली, "मी काल डबक्यात पाय घातला. घोट्यापर्यंत भिजला. मी कुणाची झाले, रेंतेगिन? तसं असेल तर सांग, स्वयंपाक थांबवते."

कुणी हसलं नाही. रेंतेगिन काठीनं बर्फ टोकरू लागला. त्या फटीत गलगाना पनान्तोकडं वळली. तिचे स्वतःचे कुत्रे थकलेले होते. ताजी जुंपणी वस्तीत त्याचीच.

"भाऊजी."

पनान्तो वाऱ्याकडं बघत होता. "हात लावणार नाही मी," तो म्हणाला. "तो पाण्यात असला तर मी उभा राहीन आणि तूही उभी राहशील. कबूल?"

"बघायला तर बंदी नाही ना?"

"बघायला नाही." त्यानं मातकटाच्या मानेवर थाप मारली. "बस मागं. आणि त्या कळपाच्या हाका मारू नकोस, माझे कुत्रे बिघडतील."

खाडीवर वारा पाठीशी होता, म्हणजे जाणं सोपं. तोच वारा परतताना तोंडावर असणार होता, आणि तोवर बर्फ जागेवर असेल की नाही हे वाराच ठरवणार होता. कोवळ्या बर्फावर मिठाच्या दवाची पांढरी फुलं उगवतात; केर्गीची रिकामी गाडी त्यांना चिरडत आली होती, तो माग धरून ते निघाले. गाडीखाली बर्फ श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता. दोनदा मातकट आपणहून वळला आणि दोन्ही वेळा त्यांच्या उजव्या हाताला काळं पाणी दिसलं. पनान्तो काही बोलला नाही. चांगल्या कुत्र्याची स्तुती त्याच्यादेखत करू नये असं आम्ही मानतो.

मग तो माग तुटला. पुढं बर्फ फुटला होता आणि मधल्या चिरेतून पाणी वाफाळत होतं. पलीकडं बर्फाचा सपाट तुकडा, त्यावर वाऱ्यानं ओढलेले बर्फाचे पांढरे ओरखडे, मधेमधे काळा ओला बर्फ.

गलगाना उभी राहून बघत होती. बापाच्या कळपात टेकडीपल्याडचं जनावर ती ओळखायची. इथं तिला काहीच दिसेना. काळं-पांढरं, काळं-पांढरं, सगळा तुकडाच बांडा. दूरवरून दिसावा म्हणून राखलेला कुत्रा, त्यानं लपायचं ठरवलं असतं तर याहून चांगली जागा त्याला सापडली नसती.

"नाहीये," पनान्तो म्हणाला. "फिरूया."

"थांबा."

"गलगाना, चीर रुंदावतेय. बघ तुझ्या डोळ्यांनी."

त्यानं गाडी वळवायला दांडा रोवला, तेव्हा पलीकडचा एक ओरखडा उठून उभा राहिला आणि त्यानं अंग झाडलं. त्याच्या खाली केर्गी होता.

तो कोपरावर उठला. एक पाय वेडावाकडा पडला होता. गाडी उलटताना तिच्या घसरपट्टीखाली सापडून मोडला असावा. कुत्रे गाडीसकट निघून गेले होते; पट्ट्याला बांधलेला एकटाच मागं राहिला होता, कारण त्याचा दोर गाडीला नव्हता. तो मालकाच्या अंगावर पडून राहिला होता. निष्ठेनं की वारा लागतो म्हणून, हे कुत्र्यानं कधी सांगितलं नाही.

"केर्गी!" पनान्तोनं हाक दिली. "पाण्यात पडलास का रे?"

चीर तेव्हा दोन माणसं आडवी झोपतील एवढी होती. केर्गीनं भावाकडं पाहिलं. खोटं बोलण्यात तो लहानपणापासून कच्चा, आणि थोरल्या भावाशी तर त्याला मुळीच जमत नसे. तो तोंड उघडू लागला.

"उत्तर देऊ नका!" गलगाना किंचाळली. "बांड्याचा दोर पट्ट्यातून सोडा! भाल्याची दोरी आहे ना? ती त्या दोराला जोडा! दुसरं टोक अंगाला बांधा! बोलू नका, बांधा!"

केर्गीची बोटं चालत नव्हती. त्यानं दातांनी गाठ ओढली. चीर मधल्या वेळात आणखी उघडली. पनान्तो पाण्याकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते गलगानानं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

मग तिनं हाक मारली, माळावर चुकार जनावराला मारतात तशी, गळ्यातून, लांब. बांड्यानं कान टवकारले. तो काठाशी आला, पाणी हुंगलं, मागं गेला. पुन्हा हाक. आमचा कुठलाही बुटका, चांगल्या बांध्याचा कुत्रा तिथं खाली बसला असता, आणि त्याचं बरोबरच ठरलं असतं. बांड्याचे पाय हे बांध्यातलं वैगुण्य होतं, आणि तेच घेऊन त्यानं उडी मारली. पुढचे पंजे अलीकडं टेकले, मागचे पाण्यात गेले. नखं बर्फावर खरवडत घसरू लागली. गलगाना पोटावर पडली आणि तिनं त्याची मान पकडली.

दोर अलीकडं आला होता. तिनं तो पनान्तोच्या हातात कोंबला.

"मी माणसाला ओढणार नाही," पनान्तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"ओढू नका. बांड्याचा दोर तुमच्या गाडीला बांधा आणि घरी चला. घरी जायला बंदी आहे का?"

पनान्तोनं दोर बांधला. मग तो चिरेकडं पाठ करून उभा राहिला, अगदी सरळ, आणि त्यानं कुत्र्यांना हाक दिली. दोर ताठ झाला. मातकट पोट बर्फाला लावून रेटत होता, सगळे रेटत होते. मागं काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. पनान्तो वळला नाही. दोर काठाच्या धारेवर घासत करकरत होता. मातकटाच्या पायांखालचा बर्फ उखडला, तो गुडघ्यांवर आला आणि त्यानं पुन्हा खांदा दिला. मग ओझं एकदम हलकं झालं आणि गाडी पुढं सरकली.

गलगानानं नवऱ्याला एकटीनंच गाडीवर चढवलं. त्याचे कपडे तेवढ्यातच कडक व्हायला लागले होते. पनान्तोनं मदत केली नाही. पण स्वतःचा अंगरखा काढून त्यानं बर्फावर टाकला, जणू उकडत होतं, आणि तो कोण उचलतं ते बघितलं नाही.

परतीचा वारा तोंडावर होता. किनाऱ्याजवळ बर्फ जमिनीपासून सुटत होता. काळी फट वितीची झाली, हाताची झाली. मातकटानं वेग कमी केला नाही. सगळी जुंपणी एका झेपेत पार झाली, गाडीचा मागचा भाग पाण्यात आपटला आणि ओढीनंच वर आला. बांड्या गाडीवर केर्गीच्या छातीवर बसला होता.

तंबूच्या दाराशी इमलिना उभी होती. "कुणी काढला याला?" तिनं विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कुत्र्यानं," गलगाना म्हणाली.

"मग आत आणा. कुत्र्यांना करार माहीत नसतो."

पण रेंतेगिनला माहीत होता. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा खाडीत बर्फ उरला नव्हता, क्षितिजापर्यंत उघडं पाणी. तो केर्गीच्या तंबूत येऊन बसला. केर्गीचा पाय फळ्यांत बांधलेला, अंगात ताप, पण जिवंत. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता.

"त्याचं माणूस गेलंय," रेंतेगिन म्हणाला. "आज ना उद्या तो मागायला येईल. माणूस देता येत नाही. ज्या कुत्र्यानं नेलं, तो द्यावा लागेल."

बांड्या गलगानाच्या पायाशी होता. मग तिनं त्याच्या गळ्यातला पट्टा धरला आणि उठली. नवऱ्याच्या बदल्यात कुत्रा. हिशोब तिला समजत होता, आणि तिच्या बापानं यापेक्षा कमी कारणांसाठी जनावरं दिली होती.

"थांब," पनान्तो म्हणाला. तो दाराशी टेकून होता, आत आला नव्हता. "आजोबा, ओढणारा कुत्रा द्यायचा ना?"

"ओढणारा."

"मग हा नव्हे. बांड्या ओढत नाही. सगळ्या वस्तीला विचारा. तो दोर घेऊन अलीकडं आला आणि बसून राहिला. पुढचं काम माझ्या जुंपणीनं केलं, आणि जुंपणी मातकटानं."

"भाऊजी..." गलगाना म्हणाली.

"तू गप्प बस. आयुष्यात एकदाही काही ओढलं नाही या गाढवानं, आणि आता ओढणारा म्हणून समुद्रात नाव लावायला निघालाय."

रेंतेगिननं त्याच्याकडं पाहिलं. "तू पाठ केली होतीस, पनान्तो. तुला कसं माहीत कुणी ओढलं?"

"दोराच्या आवाजावरून."

पनान्तोनं हे का केलं यावर वस्तीत पुढं वर्षानुवर्षं बोललं गेलं. कुणी म्हणे भावजयीसाठी, कुणी म्हणे आपल्या कुत्र्याचं श्रेय दुसऱ्याला जाऊ नये म्हणून. तो स्वतः त्यातलं काहीच म्हणाला नाही. त्यानं मातकटाला पाण्याच्या कडेला नेलं, तोंड समुद्राकडं केलं, गळ्यातला दोर सोडला. भाल्याचा घाव एकच, चुकणार नाही असा. रेंतेगिन शेजारी उभा होता आणि समुद्राशी काहीतरी पुटपुटत होता. वाऱ्यामुळे आम्हाला ऐकू आलं नाही.

नंतर पनान्तो तंबूत आला. यावेळी आत आला. गलगानानं त्याच्यापुढं मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा ठेवला, आणि चहा. त्यानं मान खाली घालून सगळं संपवलं. केर्गी अंथरुणातून त्याच्याकडं बघत होता.

पनान्तोनं सुरी विजारीला पुसली.

"पाय नीट बसू दे तो," तो म्हणाला. "पुढच्या वेळी माझ्याकडं कुत्रा नाही."